११० डिग्रीला तापवूनही सोया तेलात हेक्झेन का राहतं?

दारव्हा_लॅब विचारते:

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका सोयाबीन सॉल्व्हंट प्लान्टच्या लॅबमध्ये काम करते. केमिकलचा डिप्लोमा झाला आहे. सीझन सुरू झाला आणि रोज एकाच गोष्टीवरून लॅब आणि प्रॉडक्शनची वादावादी होतेय, म्हणून विचारते.

स्ट्रिपरमधून, म्हणजे तेलातलं उरलेलं सॉल्व्हंट काढणाऱ्या भांड्यातून, निघणाऱ्या कच्च्या तेलाचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची बाष्प ज्योत पकडते तो) आमच्याकडे १२० च्या वर लागतो. आठवडाभर सॅम्पल १०० ते १०५ लाच ज्योत पकडतंय, म्हणजे बियांतून तेल काढायला वापरलेलं हेक्झेन हे सॉल्व्हंट अजून तेलात आहे. लॉगशीटवर स्ट्रिपरचं तापमान ११० डिग्री आणि व्हॅक्यूम ६०० मिमी लिहिलेलं असतं. हेक्झेन ६९ डिग्रीला उकळतं. मग उकळबिंदूच्या ४० डिग्री वर, तेही व्हॅक्यूममध्ये, ते तेलात थांबतंच कसं?

प्रॉडक्शनचं म्हणणं, तापमान १२५ करा. एका शिफ्टला करून पाहिलं. तेल लालसर झालं आणि फ्लॅश पॉइंट जेमतेम हलला. ओपन स्टीमही (थेट तेलात सोडलेली वाफ) कमी केली आहे, कारण तेलात पाणी आणि फेस येतो अशी शिफ्टवाल्यांची तक्रार आहे.

दुसरं, डिप्लोम्यात फ्लॅशचं, म्हणजे गरम द्रव कमी दाबात सोडला की किती बाष्प होतो याचं, गणित बेन्झीन-टोल्युइनवर शिकवलं. दोन्हींची के-व्हॅल्यू (बाष्पातल्या आणि द्रवातल्या प्रमाणाचं गुणोत्तर) घ्यायची, रॅचफोर्ड-राइसचं समीकरण सोडवायचं. इथे तेल तर उकळतच नाही. मग हे गणित आमच्या मिसेलाला (तेल-हेक्झेनच्या मिश्रणाला) लावायचं कसं? इकॉनॉमायझरपासून (मिसेलातलं बहुतेक हेक्झेन उडवणारं स्ट्रिपरच्या आधीचं भांडं) समजावून सांगितलं तर फार बरं होईल.

केमिकल_थर्ड_इयर:

ताई, राउल्टचा नियम बघा. हेक्झेनचा आंशिक दाब त्याच्या मोल फ्रॅक्शननुसार (मोल अंश, म्हणजे एकूण रेणूंतला त्याचा वाटा) कमी होतो, म्हणून मिश्रणाचा उकळबिंदू वाढतो. स्ट्रिपरमध्ये तेल जास्त वेळ थांबवलं तर निघून जाईल असं वाटतं. रिटेन्शन टाइम वाढवून बघा.

मिसेला_ते_घाणी:

ताई, तुमचा प्रश्न अगदी नेमक्या जागेवर आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझं शिक्षण नागपूरच्या एलआयटीत (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी), ऑइल टेक्नॉलॉजी. नोकरीचा बहुतेक काळ सरकी आणि सोयाबीनच्या प्लान्टांत गेला. आता दिग्रसजवळ गावी शेती करतो आणि एक लहान लाकडी घाणी चालवतो, पण स्ट्रिपरचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

वरच्या मुलाने नियम बरोबर सांगितला, उपाय मात्र चुकला. वेळ दिल्याने द्रव समतोलापर्यंत पोचतो, समतोलाच्या पलीकडे जात नाही. तुमचं तेल आधीच समतोलाच्या जवळ असेल तर दोन तास थांबवा नाहीतर रात्रभर, हेक्झेन तेवढंच राहणार. तेल काळं होईल ते वेगळं.

आता आकडे. सोया तेलाचा रेणुभार साधारण ८८०, हेक्झेनचा ८६. एका तेलाच्या रेणूच्या वजनात हेक्झेनचे दहा रेणू बसतात. म्हणून वजनाने १ टक्का हेक्झेन असलं तरी मोलने ते ९ टक्क्यांच्या वर असतं. हा फरक डोक्यात पक्का बसला की पुढचं सोपं आहे. वजनाची टक्केवारी घेऊन राउल्ट लावणारे चांगले शिकलेले लोकही मी पाहिलेत आणि त्यांची उत्तरं दहा-दहा पटीने चुकतात.

११० डिग्रीला शुद्ध हेक्झेनचा बाष्पदाब आन्त्वानच्या सूत्राने काढा, साधारण २३६५ मिमी येतो. यवतमाळकडे समुद्रसपाटीपासूनची उंची ४४५ मीटरच्या आसपास, तिथे हवेचा दाब ७६० नसून ७२० मिमीच्या घरात असतो. समजा व्हॅक्यूम अजिबात नाही आणि स्टीमही नाही. वरची सगळी बाष्प हेक्झेनचीच, दाब ७२०. मग द्रवातला हेक्झेनचा मोल अंश ७२० भागिले २३६५, म्हणजे ०.३०. वजनात बदला: ४.१ टक्के. ११० डिग्रीला खुल्या दाबावर तेलात चार टक्के हेक्झेन आरामात बसून राहतं आणि उकळत नाही. ६९ डिग्री हा उकळबिंदू एकट्या हेक्झेनचा आहे, आणि स्ट्रिपरमध्ये हेक्झेन एकटं नसतं.

आता तुमचा ६०० मिमी व्हॅक्यूम खरा आहे असं धरू. शिल्लक दाब ७२० वजा ६००, म्हणजे १२० मिमी. मोल अंश ०.०५१, वजनात अर्धा टक्का, म्हणजे ५००० पीपीएमच्या वर. तुमच्या फ्लॅश पॉइंटला हे चालणार नाही.

प्रॉडक्शनच्या म्हणण्याप्रमाणे १२५ केलं तर? बाष्पदाब ३३४० च्या आसपास जातो, आणि त्याच १२० मिमीला तेलात ०.३६ टक्का उरतो. अर्ध्या टक्क्याचा एक तृतीयांश टक्का झाला आणि त्यासाठी तेलाचा रंग गेला. तो रंग पुढे रिफायनरीत ब्लीचिंग अर्थ ओतून काढावा लागतो, कधी कधी निघतही नाही. आठवडाभर तुम्ही वाद घालताय ते योग्यच करताय. तापमानाचा व्हॉल्व्ह इथे कामाचा नाही.

काम ओपन स्टीमचं आहे. स्टीम सोडली की वरच्या बाष्पात बहुतेक पाणी असतं आणि हेक्झेनचा वाटा नगण्य राहतो. एकूण दाब १२० असला तरी हेक्झेनच्या वाट्याला त्यातले दोन-अडीच मिमीच येतात. १०० पीपीएमपर्यंत उतरायचं तर मोल अंश ०.००१ लागतो आणि त्याच्यावरचा हेक्झेनचा दाब २.४ मिमी. उरलेले ११७.६ मिमी स्टीमने भरायचे. मोलचं गुणोत्तर ४९, वजनात एक किलो हेक्झेनमागे साधारण १० किलो स्टीम. हा हिशेब एकाच टप्प्याचा. तुमच्या स्ट्रिपरमध्ये तेल वरून खाली आणि स्टीम खालून वर, ट्रेवर ट्रे असं उलट दिशेने जातं, त्यामुळे प्रत्यक्षात यापेक्षा खूप कमी लागते. पण व्हॅक्यूम नसता तर याच हिशेबाने किलोमागे ६० किलोच्या वर स्टीम लागली असती. व्हॅक्यूम आणि ओपन स्टीम ही जोडी आहे. यातली एक कमी करून दुसरीकडून पूर्ण काम होत नाही.

एक सावधगिरी. राउल्टचा नियम सारख्या आकाराच्या रेणूंना जसा लागतो तसा इथे तंतोतंत लागत नाही, कारण तेलाचा रेणू फार मोठा आहे. बाजारातलं हेक्झेनही शुद्ध नसतं, त्यात त्याची भावंडं मिसळलेली असतात. त्यामुळे माझे आकडे अंदाजाचे धरा. दिशा मात्र हीच राहते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, फ्लॅशचा. रॅचफोर्ड आणि राइस यांनी १९५२ मध्ये दिलेलं समीकरण अनेक घटकांसाठी आहे. तुमच्याकडे तेलाची के-व्हॅल्यू शून्य धरता येते. मग काहीच सोडवावं लागत नाही: बाष्प पूर्ण हेक्झेनची, द्रवाचा मोल अंश म्हणजे दाब भागिले बाष्पदाब, आणि तेल जेवढं आलं तेवढंच खाली जाणार. तीन ओळींत उत्तर.

एक्स्ट्रॅक्टरमधून १०० किलो मिसेला आली, २५ किलो तेल आणि ७५ किलो हेक्झेन. इकॉनॉमायझर ५५ डिग्री आणि ३०० मिमी ॲब्सोल्यूटवर (म्हणजे शून्यापासून मोजलेल्या शिल्लक दाबावर) चालतोय. ५५ ला हेक्झेनचा बाष्पदाब ४८४. मोल अंश ०.६२. हिशेब केला तर तेलाबरोबर फक्त ४ किलो हेक्झेन राहायला हवं, म्हणजे ८६ टक्के तेल. ७१ किलो हेक्झेन वर.

इथे डिप्लोम्याची पुस्तकं थांबतात आणि प्लान्ट सुरू होतो. या ७१ किलोंना बाष्प व्हायला उष्णता कोण देणार? किलोमागे ३४५ किलोज्यूलच्या आसपास लागते. समजा तुम्ही मिसेला दाबाखाली ८० डिग्रीपर्यंत तापवली आणि नुसती ३०० मिमीच्या भांड्यात सोडली, नळ्या नाहीत, डीटीची (ढेपेतलं हेक्झेन काढून ती भाजणाऱ्या यंत्राची) बाष्प नाही. मग ती स्वतःच्याच अंगची उष्णता खर्च करून उकळेल आणि थंड होत ४३ डिग्रीवर येऊन थांबेल. तेवढ्यात १०० किलोमागे फक्त २३ किलो हेक्झेन उडेल. तेल २५ टक्क्यांवरून ३२ टक्क्यांवर, बस. समतोल सांगतो की कुठपर्यंत जाता येईल, उष्णता सांगते की आज कुठपर्यंत गेलात. म्हणून इकॉनॉमायझरला नळ्यांचा गठ्ठा असतो आणि त्याला डीटीतून ढेप भाजताना निघालेली हेक्झेन-पाण्याची गरम बाष्प दिलेली असते. फुकटची उष्णता आहे ती, तिच्यावरच प्लान्टचं स्टीमचं बिल ठरतं.

तर तुम्ही आधी एक गोष्ट तपासा: ६०० मिमी खरंच ६०० आहे का. माझा संशय तिथे आहे.

बॉयलर_भाऊ:

ताई, सर बरोबर सांगून राह्यले. मी शिफ्टवाला माणूस, मले गणित येत नाही, पण गेजचं सांगतो. स्ट्रिपरच्या डोक्यावरचं डायल गेज वाफेनं अन् तेलानं भरून जाते, काटा अडकून बसते. मंग सगळे शिफ्टवाले थोच आकडा लिहितेत. इजेक्टर (वाफेच्या जोरावर व्हॅक्यूम करते थो) बंद असला तरी थोच आकडा! गेज काढून पाहा, काटा शून्यावर येते का नाही थे.

अन् ओपन स्टीमच्या लायनीवर ट्रॅप (वाफेतलं पाणी बाहेर काढते थो) हाये का? आमच्याकडं ट्रॅप मेला व्हता, स्टीमसंगं पाणी जात व्हतं. कच्च्या सोयातेलात गम (चिकट पदार्थ) असते, पाणी लागलं का थे फुगते, फेस येते, ट्रेवर चिखल बसते. शिफ्टवाला मंग स्टीमच कमी करते. दोष पाण्याचा, शिक्षा स्टीमले.

लीक शोधाले मेणबत्ती घेऊन कोणी फिरत असंल तर त्याले आधी बाहेर काढा. हे हात जोडून सांगतो.

मिसेला_ते_घाणी:

मेणबत्तीचं भाऊंनी लिहिलं ते बरं केलं. हेक्झेन हवेत १.१ टक्का झालं की पेट घेऊ शकतं, त्याची बाष्प हवेपेक्षा तिपटीने जड, ती नालीत आणि खड्ड्यात साचते. व्हॅक्यूमच्या प्लान्टमध्ये लीक हवा आत ओढतं म्हणून लोक बिनधास्त असतात, पण इजेक्टर बंद पडला की तेच भोक बाहेर फेकू लागतं. लीक शोधायचा रस्ता साधा आहे: भांडं वेगळं करा, स्टीम आणि तेल बंद, आणि ॲब्सोल्यूट दाब किती मिनिटांत किती चढतो ते लिहा. मग एकेक भाग वेगळा करत जा. साइट ग्लासची गॅस्केट आणि व्हॉल्व्हची ग्लँड ही नेहमीची ठिकाणं.

दारव्हा_लॅब:

सर, भाऊ, दोघांचे खूप आभार. मेंटेनन्सकडून ॲब्सोल्यूट गेज मागवून स्ट्रिपरच्या व्हेपर लाइनवर लावलं. ६०० वगैरे काही नाही, १२० च्या ऐवजी २१० मिमी ॲब्सोल्यूट दाखवतंय. जुनं डायल गेज काढून टेबलावर ठेवलं तरी त्याचा काटा ५८० वर होता. ओपन स्टीमचा ट्रॅपही उघडला, आतला फ्लोट गळून पडलेला होता. तो बदलला.

सरांच्या पद्धतीने मी हिशेब केला. २१० ला स्टीमशिवाय ०.९५ टक्का येतो, आणि १०० पीपीएमसाठी किलोमागे १८ किलो स्टीम, तुमच्या १० च्या ऐवजी. बरोबर आहे का? ट्रॅप बदलल्यावर स्टीम पुन्हा पूर्ववत केली, फेस आला नाही. फ्लॅश पॉइंट काल रात्रीच्या सॅम्पलला ११६ आला. अजून १२० झाला नाही, लीक शोधणं चालू आहे.

आणखी एक विचारायचं होतं. इकॉनॉमायझरचा व्हॅक्यूम काही दिवशी आपोआप पडतो. मागच्या आठवड्यात पाऊस होऊन दमट झालं होतं तेव्हा पडला. ऊन तर कमी होतं, मग कंडेन्सर चांगला चालायला हवा ना?

गवती_चहा_आर्णी:

मध्येच विचारतो, माफ करा. आम्ही तीन शेतकरी मिळून गवती चहाची भट्टी चालवतो, खालून वाफ सोडून तेल काढतो. त्या तेलातलं सिट्रल म्हणे २२९ डिग्रीला उकळतं, पण आमच्या भट्टीतून ते शंभरच्या आतच निघतं. सरांनी सांगितलेली स्टीमची गोष्ट तीच का?

मिसेला_ते_घाणी:

ताई, दोन्ही आकडे बरोबर. तुम्ही जो हिशेब केला तो तुमच्या प्लान्टमध्ये अजून कोणी केला नसेल. कागदावर लिहून प्रॉडक्शनच्या टेबलावर ठेवा. वाद माणसांचा न राहता आकड्यांचा होईल.

आर्णीचे दादा, मूळ तेच आहे. सिट्रल पाण्यात मिसळत नाही, म्हणून दोघं आपापला पूर्ण बाष्पदाब देतात आणि त्यांची बेरीज हवेच्या दाबाएवढी झाली की उकळी फुटते. पाणी जवळजवळ सगळा दाब देतं, सिट्रलला थोडेच मिलिमीटर पुरतात. सिट्रलचा रेणू जड, १५२ चा, म्हणून मोलने थोडं असलं तरी वजनाने बऱ्यापैकी येतं. ताईंच्या स्ट्रिपरमध्ये फरक एवढाच की हेक्झेन तेलात विरघळलेलं आहे, म्हणून त्याला पूर्ण बाष्पदाब मिळत नाही, मोल अंशाने कापलेला मिळतो. तुमच्याकडे गवत कोरडं-ओलं कसं भरता आणि वाफ भट्टीत सगळीकडे सारखी जाते का, याने तेलाचा उतारा ठरतो. दाबून भरलेल्या गवतात वाफ एका बाजूने वाट काढते आणि बाकीचं गवत तसंच राहतं.

आता ताई, तुमचा कंडेन्सर. आपल्याकडे सगळे उन्हाला घाबरतात, पण कूलिंग टॉवरचं पाणी हवेच्या तापमानापेक्षा हवेतल्या ओलाव्यावर जास्त अवलंबून असतं. मे महिन्यात पारा ४५ ला गेला तरी हवा इतकी कोरडी असते की टॉवरमध्ये पाणी भराभर उडतं आणि उरलेलं गार होतं. पावसाळ्याच्या शेवटी अंगाला ऊन लागत नाही, पण हवा ओली, पाणी उडत नाही, आणि टॉवरखालचं पाणी मेपेक्षा गरम निघू शकतं.

त्याचा व्हॅक्यूमशी थेट संबंध आहे. कंडेन्सरमध्ये द्रव हेक्झेन जमतंय, म्हणजे तिथला दाब त्या तापमानाच्या हेक्झेनच्या बाष्पदाबाखाली जाऊच शकत नाही. हेक्झेन ३० डिग्रीला निघालं तर १८७ मिमी, ३५ ला २३०, ४० ला २८०, ४५ ला ३३८. त्यात हवेचा आणि पाण्याचा वाटा मिळवा. पाण्याचाच ३५ ला ४२ मिमी. म्हणून ४० डिग्रीला कंडेन्सर चालतोय आणि कोणी म्हणालं की इकॉनॉमायझरला २५० मिमी आणून दाखवा, तर इजेक्टर कितीही मोठा लावा, तो फक्त हेक्झेन ओढून व्हेंटकडे नेईल. सॉल्व्हंट लॉस वाढेल आणि व्हॅक्यूम तिथेच राहील. स्ट्रिपरचं वेगळं आहे, त्याला स्वतःचा इजेक्टर असतो जो त्याची बाष्प दाबून वरच्या दाबाच्या कंडेन्सरमध्ये ढकलतो, म्हणून तो यापेक्षा खोल जाऊ शकतो. पण तो ज्या कंडेन्सरमध्ये ढकलतो त्याचाच दाब चढला की त्याचीही दमछाक होते. पाऊस झाला त्या दिवसांचे तुमचे फ्लॅश पॉइंट काढून बघा, तेव्हा जास्त पडले असावेत.

लॉगशीटला तीन रकाने वाढवून घ्या: टॉवरच्या थंड पाण्याचं तापमान, कंडेन्सरमधून निघणाऱ्या हेक्झेनचं तापमान, आणि त्याच वेळचा ॲब्सोल्यूट दाब. द्रव हेक्झेनच्या तापमानावरून बाष्पदाब काढायचा, त्यात पाण्याचा मिळवायचा, आणि गेजमधून वजा करायचा. जे उरेल तो हवेचा वाटा. तो दिवसेंदिवस वाढत असेल तर लीक आहे किंवा इजेक्टरची नोझल झिजली आहे. वाढत नसेल तर लीकच्या मागे माणसं पळवू नका, टॉवरचं फिल (आतली पाणी पसरवणारी जाळी) साफ करा आणि कंडेन्सरच्या नळ्यांतला क्षार काढा. आपल्या भागातल्या बोअरच्या पाण्याने एका सीझनमध्ये नळ्यांत पांढरा थर बसतो. पंप बंद असताना एक नळी उघडून आत बोट फिरवलंत तरी कळेल.

दारव्हा_लॅब:

रकाने आजपासून टाकले. संध्याकाळच्या शिफ्टला हेक्झेन ३७ डिग्री आणि गेज ३४० आलं. ३७ चा बाष्पदाब २४९ काढला, पाण्याचे ४७ धरले. उरले ४४ मिमी. उद्या सकाळचा आकडा आला की टाकते. नळ्यांसाठी रविवारी शटडाउन मागितलं आहे.